चाळीस फुटांत मावणारा नाच

आना पाव्हलोवाचे हात आधी दिसतात, मग ती. मागे काळोख, पुढे पांढरा झगा, कानांवर घट्ट बसलेली पांढरी पिसं, आणि पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहून इतक्या बारीक पावलांनी सरकणारी बाई की पाऊल उचललेलं कळतच नाही. हात पाठीतून निघतात, खांद्याशी उमलतात, मनगटाशी क्षणभर अडतात आणि खाली येतात. पंखाला अजून उडायचं आहे आणि अंगातलं बळ सरत चाललं आहे, एवढीच गोष्ट. शेवटी ती एका गुडघ्यावर बसते, दुसरा पाय पुढे लांब करते, त्याच्यावर ओणवी होते आणि दोन्ही हात एकमेकांवर येऊन पडतात. मिखाईल फोकिननं तिच्यासाठी बांधलेला हा ‘मरणारा हंस’. संगीत फ्रान्सच्या सँ-साँसचं. १९२४ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये, डग्लस फेअरबँक्सच्या स्टुडिओत, पाव्हलोवाचे काही नाच चित्रित झाले, त्यांतला हा एक. फिल्म मुकी आहे. आज तिच्यासोबत जो चेलो ऐकू येतो तो मागाहून जोडलेला.

अंबाजोगाईच्या माझ्या घरात, रात्रीची आवराआवर झाली की मी अशा जुन्या बॅलेच्या फिल्म पाहत बसते. हा छंद लागून बरीच वर्षं झाली. रंगमंचावर, समोर, बॅले पाहण्याचा योग मला आलेला नाही. ज्यांना आला ते सांगतात की फिल्ममध्ये नाचाचा नुसता सांगाडा उतरतो. नर्तकीच्या श्वासाचा आवाज, फळीवर टेकलेल्या बुटाचा ठोका, शेजारच्या प्रेक्षकानं रोखून धरलेला दम, यांतलं काही उतरत नाही. त्यांचं म्हणणं मी मान्य करते. पण पाव्हलोवा १९३१ च्या जानेवारीत वारली. तिचा नाच आज पाहायचा तर पॅरिसच्या रसिकालाही हीच ओरखडलेली, लुकलुकणारी फिल्म लावावी लागते. तिच्यापुढे तो आणि मी एकाच रांगेत बसतो. आडगावात राहून कलेची ओढ असणाऱ्या माणसाला ही फार मोठी गोष्ट आहे.

ही फिल्म पाहायला मात्र शिकावं लागतं. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपल्या जात, त्याही फिरवणाऱ्याच्या हाताप्रमाणे कमी-जास्त. बोलपट आल्यावर हा वेग २४ वर पक्का झाला. १६ च्या वेगानं टिपलेलं २४ च्या वेगानं चालवलं की सगळं दीडपट घाईत घडतं, आणि जगातली थोर नर्तकी चावी दिलेल्या बाहुलीसारखी तुरुतुरु पळताना दिसते. जुन्या फिल्म पाहून लोक हसतात ते बहुतेक वेळा या वेगाला हसतात. वेग दुरुस्त केलेली प्रत मिळाली की तीच बाई सावकाश होते, तिच्या अंगाला वजन येतं, हात खाली येताना हवा कापत येतो. मग नजर हळूहळू ओरखडे ओलांडायला शिकते. काही दिवसांनी ते दिसेनासे होतात.

फिल्मचं आणखी एक गणित आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे मूकपटाच्या वेगानं एक फूट फिल्म म्हणजे एक सेकंद. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात आमच्या गावची पासोडी आली.

संतकवी दासोपंतांची पासोडी मराठवाड्याला सांगायला नको. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. अंगावर पांघरायच्या जाड सुती कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं, म्हणजे पाच महाभूतांतून ही सृष्टी आणि हा देह कसा घडला त्याचा सगळा विस्तार. कापड सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. त्यावर अक्षरं आहेत, रकाने आहेत, आकृत्या आहेत. एवढा अवघड विषय ऐकणाऱ्यासमोर उलगडून ठेवता यावा म्हणून एका माणसानं पांघरुणाचं पुस्तक केलं, आणि पुढच्या पिढ्यांनी ते चारशे वर्षं ऊन, पाऊस, वाळवी आणि राज्यांची उलथापालथ यांतून वाचवून अंबाजोगाईतच ठेवलं. ४० फूट फिल्म घेतली तर तिच्यावर पाव्हलोवाचे ४० सेकंद मावतील. हंसाचे हात काही वेळा वर येतील, काही वेळा पडतील, आणि पट्टी संपेल. तेवढं तरी मावतं आणि तेवढं तरी उरतं, यात मला माणसाच्या मायेचा मोठा पुरावा दिसतो.

कारण नाच ही कलांमधली सगळ्यात उघड्यावर पडलेली कला. कवितेला कागद मिळाला, मूर्तीला दगड मिळाला. आमच्याच जिल्ह्यात धर्मापुरीला केदारेश्वराच्या देवळाच्या भिंतींवर सुरसुंदरी उभ्या आहेत. कंबर मुरडलेली, मान कललेली, हात अर्ध्यावर आलेला. शिल्पकारानं नाचातला एक क्षण पकडला, तो आजही तिथे आहे. त्याच्या आधीचा आणि नंतरचा क्षण मात्र त्या नर्तकीबरोबर गेला. नाच नर्तकाच्या देहात राहतो आणि देहाबरोबर जातो. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न सगळ्याच देशांतल्या नाचणाऱ्यांना पडला.

रशियात त्यावर आधी लिपी शोधली. स्तेपानोव्ह नावाच्या नर्तकानं शरीराच्या हालचाली संगीताच्या खुणांसारख्या लिहायची पद्धत बसवली आणि पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंचावरचे मारिउस पेतिपाचे बॅले त्या लिपीत उतरवले गेले. क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्हनं त्या वह्या देशाबाहेर नेल्या. ‘झोपलेली राजकन्या’, ‘जिझेल’, ‘हंस सरोवर’ हे बॅले पश्चिमेत उभे राहिले ते बऱ्याच अंशी त्या वह्यांच्या आधारानं. त्या आज हार्वर्ड विद्यापीठात आहेत.

पण या साऱ्या मंडळींत माझा जीव जडला आहे तो अलेक्सांद्र शिर्यायेव्हवर. १८६७ चा जन्म, मारिन्स्कीतला नर्तक, पेतिपाचा साहाय्यक. लंडनहून त्यानं एक छोटा कॅमेरा आणला आणि रंगमंचावरचे नाच चित्रित करायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग त्यानं घरी लहानसा रंगमंच बांधला, तारेच्या आणि कागदी लगद्याच्या वीतभर बाहुल्या केल्या, आणि डोक्यात साठवलेले बॅले त्या बाहुल्यांकडून करवून घेतले. एक हालचाल, एक चौकट. पुन्हा बाहुलीचा हात तसूभर सरकवायचा, पुन्हा एक चौकट. १९०६ ते १९०९ च्या दरम्यान त्यानं हा उद्योग केला. शिवाय स्वतःला आणि नर्तकी असलेल्या आपल्या बायकोला अंगणात नाचताना टिपलं. तो १९४१ साली गेला. व्हिक्तर बोचारोव्ह या अभ्यासकानं ती फिल्म शोधून २००३ साली माहितीपटातून जगापुढे आणली, तोवर शिर्यायेव्हचं हे काम जवळपास कोणालाच ठाऊक नव्हतं. मी त्या बाहुल्या पुन्हा पुन्हा पाहते. गिरकी घेऊन उतरताना बाहुलीचा गुडघा नेमका वाकतो. कुठे वाकायचं हे शिर्यायेव्हच्या स्वतःच्या गुडघ्याला माहीत होतं. त्यानंतर थोड्याच वर्षांनी इकडे मुंबईत दादासाहेब फाळके कुंडीतला वाटाण्याचा वेल एकेक चौकटीनं टिपणार होते. दोघांची ओळख असण्याचा प्रश्नच नाही. पण हलत्या, वाढत्या गोष्टीला क्षणाक्षणानं थांबवून साठवायचं आणि मग पुन्हा चालती करायची, हे वेड दोघांचं सारखं.

ज्याला असा सांभाळणारा मिळाला नाही त्याचं काय होतं, हे वात्स्लाव निजिन्स्कीकडे पाहून कळतं. त्याच्या उड्यांची कहाणी शंभर वर्षं सांगितली जाते. वर गेल्यावर तो तिथेच थबकायचा म्हणतात. पण त्याच्या नाचाची एकही फिल्म उपलब्ध नाही. त्याचा संघचालक दियागिलेव्ह कॅमेऱ्याला दाराशी उभा करत नसे. आज इंटरनेटवर निजिन्स्की नाचताना दिसतो तो जुन्या छायाचित्रांना संगणकावर हलवून केलेला आहे. मी ती चलचित्रं पाहिली आणि मला उदास वाटलं. छायाचित्रं खरी, हालचाल उसनी. नाचात तर हालचाल हाच सगळा ऐवज.

गालिना उलानोवाच्या बाबतीत जग थोडं वेळेवर जागं झालं. १९५६ साली मॉस्कोचा बोल्शोई बॅले लंडनला गेला, तेव्हा पॉल त्सिनर यांनी तिची ‘जिझेल’ चित्रित केली आणि पुढच्या वर्षी ती फिल्म लोकांपुढे आली. उलानोवा तेव्हा ४६ वर्षांची होती. पहिल्या अंकात ती खेड्यातली अल्लड पोर असते आणि पडद्यावर खरोखर पोर दिसते. रंगभूषेनं हे साधत नाही. चालण्यात, मान वळवण्यात, लाजून मागे सरण्यात तिनं वय उतरवून ठेवलं आहे.

‘जिझेल’ १८४१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाला. जिझेलचा जीव ज्याच्यावर जडतो तो वेश पालटून आलेला सरदार असतो, आणि त्याचं लग्न आधीच दुसरीकडे ठरलेलं असतं. हे कळल्यावर तिचं भान हरपतं. मघाशी त्याच्यासोबत फुलाच्या पाकळ्या मोजल्या होत्या, त्या ती आता हातात फूल नसताना मोजते. आणि मरते. दुसरा अंक रात्रीच्या रानात. लग्नाआधी मेलेल्या मुली तिथे पांढऱ्या वस्त्रांत उठतात आणि वाट चुकलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. तो सरदार त्यांच्या तावडीत सापडतो आणि जिझेल त्याला पहाट होईपर्यंत सांभाळते.

एकदा हे चालू असताना आई शेजारी येऊन बसली. तिला बॅले ठाऊक नाही, रशिया ठाऊक नाही. पण ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘लगीन मोडलं का गं हिचं?’’

‘‘हो आई. त्यानंच फसवलं.’’

‘‘अन् आता त्यालाच वाचवायली?’’

‘‘हो.’’

‘‘वाचवणारच की,’’ आई म्हणाली. ‘‘आपली देवी काय रागावून निघून गेली का? लगीन ऱ्हायलं तरी गाव धरून बसलीच ना.’’

योगेश्वरीची ही कथा आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कानावर पडते. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त टळला. देवी कुमारिका राहिली, इथेच थांबली, आणि वऱ्हाड दगडाचं झालं. हत्तीखान्याच्या लेण्यांतले ते भले थोरले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं आम्हाला सांगत. इतिहासकार ती लेणी अकराव्या शतकाच्या आसपासची मानतात, तेही खरं. पण न झालेल्या लग्नाचं दुःख एक गाव शतकानुशतकं जपून ठेवतं आणि त्याच दुःखाला आपली आई मानतं, ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना जिझेल परकी वाटत नाही. त्या रात्रीपासून मी तो दुसरा अंक आईच्या डोळ्यांनी पाहते. पांढऱ्या वस्त्रांतल्या त्या मुली आता मला भुतं वाटत नाहीत. अर्ध्यात राहिलेलं एक वऱ्हाड वाटतं.

जुन्या फिल्म आणि आजच्या झळझळीत चित्रफिती शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट लक्षात येते. आज नर्तकीचा पाय थेट कानाशी जातो. गिरक्या वाढल्या, उड्या उंचावल्या, शरीर घोटून घोटून बिनचूक झालं. उलानोवाचा पाय त्या मानानं फार वर जात नाही. तिला तो न्यायचाही नाही. पाय जिथे थांबतो तिथून ओळ पाठीत शिरते, मानेतून वर येते आणि नजरेतून बाहेर पडते. संगीत ती मोजत नाही, ऐकते. सूर आल्यावर निघत नाही, सूर येणार हे ओळखून आधीच श्वास घेते. १९५५ च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या सोव्हिएत चित्रपटात ज्युलिएट घरातून पळत निघते, खांद्यावरचं वस्त्र मागे फुगलेलं. त्यात अवघड पदन्यास एकही नाही, बाई नुसती धावते. पण ज्या मुलीनं मनाशी पक्कं ठरवलं आहे ती कशी धावते, हे त्या धावण्यात आहे. आजच्या नर्तकांचे कष्ट मी कमी लेखत नाही. मला एवढंच वाटतं की कलेत काही गोष्टी वाढतात तेव्हा काही गळतातही, आणि काय गळलं हे कळायला जुनी फिल्म लागते. ती नसती तर आजचं सगळं आहे तेच परिपूर्ण, असं आपण मानून चाललो असतो.

या वाटेनं चालत मी आपल्याकडे येते तेव्हा मन खंतावतं. पाव्हलोवा १९२२-२३ च्या आशियाच्या दौऱ्यात मुंबईला येऊन नाचून गेली. आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्याचं नाव मोमिनाबाद होतं. अजिंठाही त्याच राज्यात. १९२३ साली तिनं लंडनला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले केला, आणि राधाकृष्णाच्या नृत्यात तिच्यासोबत कृष्ण झाला उदय शंकर, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून विलायतेला चित्रकला शिकायला गेलेला तरुण. पुढे उदय शंकरांनी आपला नाच ‘कल्पना’ या चित्रपटात स्वतः साठवला, १९४८ साली. २०१२ मध्ये त्याची फिल्म दुरुस्त होऊन पुन्हा पडद्यावर आली. त्यांचं नशीब थोर.

मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी, यांचं तसं झालं नाही. मुंबईत राहून त्यांनी कथकाला बॅलेचा घाट दिला. १९३६ ते १९३८ या काळात त्यांचा संघ युरोपभर हिंडला, बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यमेळाव्यात नावाजला गेला. त्या संघात मुंबईची दमयंती जोशी ही लहानगी मुलगी होती, जी पुढे स्वतः थोर कथक नर्तकी झाली. परतल्यावर मेनकांनी खंडाळ्याला नृत्यालय काढलं. १९४७ साली त्या गेल्या. आज त्यांच्या संघाचा नाच पाहायचा तर १९३८ च्या एका जर्मन करमणूकपटात, वाघ, महाराजे आणि कारस्थानं यांच्या गर्दीत शोधावा लागतो. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट लागला की मला त्यांची आठवण येते. एवढं मोठं काम आणि त्याला एक नीटशी फिल्म मिळू नये!

भरतनाट्यम नर्तकी बालासरस्वतींवर सत्यजित राय यांनी ‘बाला’ केला तो १९७६ साली. रायांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं होतं कलकत्त्यात, पोरवयात. मधे चाळीस वर्षं गेली. समुद्रकाठी, वाऱ्यानं लुगडं फडफडत असताना, साठीकडे झुकलेली बाला कृष्णाला बोलावते, आणि ते पाहून डोळे भरून येतात. पण तिशीतली बाला कुठे आहे? ती कोणी टिपली नाही. आणि टिपलेलंही टिकतंच असं नाही. जुनी नायट्रेट फिल्म आपोआप कुजते आणि ठिणगीनं पेटते. २००३ साली पुण्यात अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या चित्रपटांचा अमोल ठेवा जळून गेला.

म्हणून आता मी पाव्हलोवा पाहते तेव्हा सोबत कॅमेऱ्यामागचा तो अनाम माणूसही पाहते. त्यानं दांडा फिरवला म्हणून हे आहे. आणि मग नजर आपोआप गावाकडे वळते. नवरात्रात योगेश्वरीच्या देवळात आराध बसते. संबळ वाजू लागतो, तुणतुणं वाजतं, आणि साठी ओलांडलेली एखादी आराधीण असा ठेका धरते की तिच्या पावलांवरून नजर हटत नाही. गुडघा कुठे वाकवायचा हे तिच्या गुडघ्याला माहीत आहे. तिनं ते सासूकडून, आत्याकडून घेतलं. पुढे कोणाला देईल, सांगता येत नाही. तिच्या बाजूला उभ्या असलेल्या निम्म्या लोकांच्या हातात फोन असतो आणि त्यातून टिपले जातात ते काही सेकंदांचे तुकडे: चेहरा जवळून, पाय कापलेले, वर दुसऱ्याच गाण्याचा आवाज चढवलेला. नाच टिपण्यासाठी शिर्यायेव्हला बाहुल्या वळाव्या लागल्या; आज टिपायचं साधन खिशात आहे, आणि आपण ते असं वापरतो.

जुन्या फिल्मनी मला शिकवलं ते सांगते. टिपण्याआधी त्या बाईला विचारावं. मग पाच-सात पावलं मागे उभं राहावं आणि तिचं डोकं ते पाऊल सगळं चौकटीत ठेवावं, कारण पायाखालची जमीन दिसली नाही तर नाचाचं वजन दिसत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात हलवू नये, मधे तोडू नये. संबळ वाजवणाऱ्याचे हातही दिसू द्यावेत. आवाज तिथलाच ठेवावा. नंतर तिच्याशेजारी बसून तिचं नाव, गाव, तिनं कोणाकडून घेतलं, कोणतं गाणं, कोणता दिवस, हे सगळं लिहून घ्यावं, आणि ते दोन-तीन ठिकाणी ठेवावं, एक प्रत तिच्या घरी द्यावी. एवढ्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. हा नाच उरण्याच्या योग्यतेचा आहे, असं मनापासून मानावं लागतं. पासोडी ज्यांनी चारशे वर्षं सांभाळली त्यांनी तसं मानलं होतं. येत्या नवरात्रात मी देवळात जाणार आहे ती फोनमध्ये पुरेशी जागा करून, वही-पेन घेऊन, आणि माझ्यासोबत गल्लीतल्या दोन-चार मुलींना घेऊन. त्यांना आधी उलानोवा दाखवणार आहे.